निलगिरीवरचे ‘एकसारखे’ भुंगेरे: रंगावर जाऊ नका, पाय बघा

(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे)

पावसाळा लागला की गोल, फुगीर पाठीच्या भुंगेऱ्यांविषयी पत्रे येऊ लागतात. यंदा त्यातली बरीच पत्रे निलगिरीच्या झाडांबद्दल आहेत. फोटो पाठवताना जवळपास सगळ्यांनी रंग आणि ठिपके यांचेच वर्णन केले आहे. या किड्यांच्या बाबतीत नेमकी तीच खूण सर्वांत जास्त फसवते, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून निलगिरीची सहा जुनी झाडे आहेत. जुलैपासून त्यांच्या बुंध्यावर पांढुरक्या पाठीवर गडद रेघा असलेले छोटे भुंगेरे चढताना दिसतात. मोबाइलमधल्या अ‍ॅपने ‘पॅरोप्सिस, निलगिरीची पाने खाणारा ऑस्ट्रेलियन भुंगेरा’ असे उत्तर दिले. फवारणीवाल्याला बोलावले आहे. कोणते औषध मारायला सांगू? – एक वाचक, बाणेर

आधी फवारणीवाल्याला नको म्हणून कळवा. तुमच्या फोटोतला किडा निलगिरीचा नाही. तो गाजर गवताचा भुंगेरा आहे, ज्याला आपल्याकडे मेक्सिकन भुंगेरा म्हणतात. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. लांबी साधारण ६ मिलिमीटर, डोके आणि मानेवरची ढाल तपकिरी, पाठ मळकट पांढरी आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या नागमोडी गडद रेघा. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात बुंध्याशी गाजर गवताचे दाट रान दिसते आहे. भुंगेरे तिथून वर चढले आहेत.

गाजर गवताची भारतातली पहिली नोंद १९५५ च्या सुमारास झाली, तीही पुण्यातच. त्याला आवर घालण्यासाठी १९८४ साली हा भुंगेरा मेक्सिकोतून मुद्दाम आणून सोडला गेला. म्हणजे तो आपल्या कामाचा किडा आहे. तो मारला तर गाजर गवत तेवढे माजेल. मध्यंतरी काही भागांत तो सूर्यफुलावर खाताना दिसला आणि त्यावरून वादही झाला होता. निलगिरी मात्र त्याचे खाद्य नाही.

अ‍ॅप फसले त्याचे कारण समजण्यासारखे आहे. हे दोन्ही भुंगेरे पानभुंगेऱ्यांच्या एकाच उपकुळातले आहेत. बटाट्यावरचा कुप्रसिद्ध कोलोरॅडो भुंगेराही त्यांच्यातलाच. त्यामुळे पाठीचा घुमट, आखूड पाय आणि आत ओढलेले डोके ही ठेवण सगळ्यांची सारखीच असते. त्यात फोटोला मोजपट्टी नाही आणि मागे निलगिरीची साल आहे, मग उत्तर ऑस्ट्रेलियात जाऊन पोचते. पॅरोप्सिस आणि त्याचे भाऊबंद मूळचे ऑस्ट्रेलियातले. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, कॅलिफोर्निया आणि आयर्लंड इथे ते जाऊन पसरले, पण भारतात स्थायिक झालेले नाहीत.

माझ्या शब्दावर न विसंबता हे घरीच पडताळून पाहा. रुंद तोंडाच्या दोन बरण्या घ्या. एकीत निलगिरीचा शेंडा ठेवा आणि दुसरीत गाजर गवताचा. दोन्हींचे देठ ओल्या कापसात गुंडाळा. प्रत्येकीत पाच-पाच भुंगेरे सोडा, तोंडाला मलमलचे फडके बांधा आणि बरण्या सावलीत २४ तास राहू द्या. निलगिरीचे पान कोवळे, तांबूस पालवीचेच घ्या, कारण जून पान इतके चिवट असते की निलगिरी खाणारा भुंगेराही त्याला लवकर तोंड लावत नाही, आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही. कापूस टपटपता ओला ठेवला तर बरणीत वाफ धरते आणि भुंगेरे पाण्याच्या थेंबांना चिकटून मरतात. कापूस पिळून घ्या. गाजर गवत तोडताना हातमोजे घाला, कारण त्याने अनेकांच्या अंगावर खाजरे पुरळ उठते. दुसऱ्या दिवशी गाजर गवताच्या पानांची चाळण झालेली दिसेल. निलगिरीवर एखादा चावा दिसला तर गडबडून जाऊ नका. उपाशी किडा चाखून पाहतो. कडेपासून शिरेपर्यंत पान संपवले आहे का, एवढेच बघायचे.

पाऊस सरला आणि गाजर गवत वाळले की हे भुंगेरे जमिनीत शिरून पडून राहतात आणि पुढच्या पावसात वर येतात. म्हणून बुंध्याभोवतीची माती दिवाळीनंतर खोल उकरू नका.

प्रश्न: माझी मुलगी मेलबर्नला असते. तिच्या अंगणात निलगिरीचे झाड आहे. तिने त्यावरच्या तीन भुंगेऱ्यांचे फोटो पाठवले: एक हिरवट सोनेरी, एक विटकरी आणि एक काळपट, खडबडीत. हे एकाच जातीचे लहान-मोठे आहेत की तीन वेगळ्या जाती? – एक वाचक, सहकारनगर

लहान-मोठे हा प्रश्न आधी निकालात काढू. भुंगेरा कोषातून बाहेर पडल्यावर वाढत नाही. वाढ सगळी अळीच्या अवस्थेत होते. तेव्हा आकार वेगळा असेल तर त्याचे कारण वय नाही. रंगाचे मात्र उलट आहे. या गटातला भुंगेरा बाहेर येतो तेव्हा फिकट असतो, त्याचा रंग पुढे हळूहळू पक्का होत जातो. टास्मानियातली पॅरोप्सिस्टर्ना बायमॅक्युलाटा ही जात उन्हाळ्यात हिरवट दिसते आणि हिवाळा काढणारे भुंगेरे विटकरी होतात. त्यामुळे तुमच्या मुलीचे पहिले दोन एकाच जातीचे असू शकतात. तिसरा नक्की वेगळा आहे.

तिला नवे फोटो काढायला सांगा, पण या वेळी तीन बाजूंनी: वरून, बरोबर आडव्या बाजूने आणि पाठीचा अगदी जवळून. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवायला विसरू नये. पुढचे सगळे या फोटोंवर ठरते.

पाठीवरच्या दोन कडक झाकणांना पंखकवचे म्हणतात. त्यांच्यावर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे असतात. भुंगेऱ्यावर तिरका उजेड पाडून दहापट भिंगातून बघितले की त्यांची मांडणी कळते. खळगे पेरणीच्या तासांसारखे सरळ ओळींत असतील तर बहुधा पॅरोप्सिस्टर्ना. मूठभर मोहरी फेकल्यासारखे कसेही विखुरलेले असतील तर पॅरोप्सिसकडे बघावे. आणि पाठ गुळगुळीत नसून गाठीगाठींची, सालीसारखी खडबडीत आणि काळपट तपकिरी असेल तर ट्रॅकिमेला. मुलीचा तिसरा भुंगेरा या शेवटच्या गटातला वाटतो. एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. ‘ओळी’ ही खूण पूर्वी क्रायसोफ्थार्टा या वेगळ्या प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) मानत. ती प्रजाती आता पॅरोप्सिस्टर्नात विलीन झाली आहे, आणि पॅरोप्सिस्टर्नात मुळात विस्कळीत खळग्यांच्याही जाती होत्या. म्हणून ओळी दिसल्या तर अंदाज पक्का, पण दिसल्या नाहीत म्हणून पॅरोप्सिस्टर्ना बाद होत नाही. जुनी पुस्तके वापरणाऱ्यांची इथेच गफलत होते. एकाच किड्याची दोन नावे त्यांना दोन किडे वाटतात.

पाठीइतकीच बोलकी खूण म्हणजे किडा कुठे आणि केव्हा सापडला. ट्रॅकिमेला दिवसा सुटलेल्या सालीखाली दडून बसतो आणि रात्री पाने खातो. बाकीचे बहुतेक उजेडात पानावरच बसलेले असतात. अंड्यांकडेही बघायला सांगा. पॅरोप्सिस अ‍ॅटोमारिया कोवळ्या डहाळीभोवती किंवा पानाच्या टोकाभोवती बांगडीसारखी अंडी घालते. पॅरोप्सिस कॅरिब्डिस पानावर पुंजक्याने घालते, ट्रॅकिमेला सालीच्या फटीत. कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये ट्रॅकिमेला स्लोअनी आणि २००३ मध्ये पॅरोप्सिस्टर्ना एम-फ्युस्कम ही जात सापडली, तेव्हा या दोन घुमटाकार भुंगेऱ्यांत गल्लत होऊ लागली. तिथे उघड्या पानावरची अंडी एम-फ्युस्कमची आणि सालीखालची स्लोअनीची, एवढ्या एका खुणेवर बरेचसे काम भागते. एम-फ्युस्कमच्या मानेच्या ढालीवर इंग्रजी एम अक्षरासारखा गडद डागही असतो, पण तो प्रत्येकावर सारखाच ठळक नसतो.

अळ्या दिसल्या तर काडीने हलकेच डिवचून बघावे. या गटातल्या अळ्या शेपटी वर करतात आणि तिथल्या दोन पिशव्या बाहेर काढतात. त्यांतून कडू बदामासारखा वास येतो. अ‍ॅटोमारियाच्या अळ्या त्यातून हायड्रोजन सायनाइड सोडतात. मात्रा सूक्ष्म असते, तरी अळ्या मुठीत धरून हुंगू नयेत. त्याच झाडावर बोटाएवढ्या मोठ्या, काळ्या, पांढऱ्या केसांच्या अळ्या दिवसभर एकमेकींना बिलगून झुपकेदार बसलेल्या दिसल्या तर त्या भुंगेऱ्याच्या नाहीत. त्या करवत माशीच्या, म्हणजे मधमाशी आणि मुंगीच्या गणातल्या. नुसत्या कुरतडलेल्या कडांवरून मात्र काही ठरवू नये. सोंडे, भुंगेरे आणि या अळ्या, सगळेच पानाच्या कडेला अर्धवर्तुळे पाडतात.

हे सगळे करूनही कधी कधी प्रजातीपर्यंतच पोचता येते, जात ठरत नाही. काही जाती नराच्या जननेंद्रियाचे विच्छेदन केल्याशिवाय ठरतच नाहीत. आयर्लंडमध्ये २००७ साली निलगिरीवर आलेल्या पॅरोप्सिस्टर्नाला काही वर्षे दुसऱ्याच एका जातीच्या नावाने ओळखत होते. २०१३ मध्ये तो वेगळा असल्याचे ठरले आणि त्याला सेलमानी हे नाव मिळाले. मुलीने टिपणात ‘पॅरोप्सिस्टर्ना, जात अनिश्चित’ असे लिहिले तर ते अपुरे काम नाही. ते खरे काम आहे. चुकीचे पूर्ण नाव मात्र पुढच्या दहा जणांना फसवते.

नाव बिनचूक असण्याची गरज कुतूहलापुरती नाही. न्यूझीलंडमध्ये पॅरोप्सिस कॅरिब्डिस १९१६ पासून होता. त्याच्या अंड्यांत वाढणारी एनोगेरा नसाउई ही इवलीशी गांधीलमाशी तिथे १९८७ मध्ये सोडली गेली. अशा माश्या ठरावीक भुंगेऱ्यांचीच अंडी शोधतात. भुंगेरा ओळखण्यात चूक झाली तर माशी सोडण्याचे सगळे कष्ट वाया जातात.

आणखी एक. नमुने पोस्टाने मागवू नका. परदेशातून जिवंत कीटक किंवा ओली पाने आणायला वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ प्रमाणे परवाना लागतो. फोटोच पुरेत.

प्रश्न: शाळेतल्या मुलांना ढालकिडा (लेडीबर्ड) आणि पानभुंगेरा यांतला फरक एका खुणेवर शिकवायचा आहे. ठिपके मोजून जमत नाही. – एक शिक्षिका, कर्वेनगर

पावले दाखवा. ढालकिड्याच्या पावलाची भिंगातून ३ कांडी दिसतात, पानभुंगेऱ्याची ४. (खरी कांडी अनुक्रमे ४ आणि ५ असतात, पण शेवटून दुसरे इतके बारीक असते की आधीच्या कांड्याच्या बेचक्यात लपते. मुलांना हे पुढच्या इयत्तेत सांगितले तरी चालेल.) पानभुंगेऱ्याचे तिसरे कांडे बदामाच्या आकाराचे, दोन पाकळ्यांचे असते आणि खालून मखमली दिसते. त्या मखमलीच्या जोरावर तो गुळगुळीत पानावर उलटा चालतो.

जिवंत किडा स्थिर बसत नाही. होमिओपॅथीच्या गोळ्यांची स्वच्छ बाटली घ्या, किडा आत घाला आणि बाटली शीतकपाटात ५ ते ७ मिनिटे ठेवा. फ्रीझरमध्ये नको, त्यात तो मरतो. बाहेर काढल्यावर बाटलीवर धुके जमते ते पुसून घ्या आणि किडा काचेवर उभा असताना खालून बघा. दोनेक मिनिटांतच तो पुन्हा चालायला लागेल, म्हणून भिंग आधीच हाताशी ठेवा. वर्गात वीस मुले असतील तर निदान चार बाटल्या लागतील.

पाय दिसलेच नाहीत तर मिशा बघा. ढालकिड्याच्या आखूड असतात, टोकाला गाठ असते आणि तो त्या डोक्याखाली दडवतो. पानभुंगेऱ्याच्या लांब, मण्यांच्या माळेसारख्या ११ कांड्यांच्या असतात आणि बाहेर दिसतात. ‘ढालकिडा मावा खातो, पान खात नाही’ हा नियम मात्र शिकवू नका. वांग्या-बटाट्यावरचा २८ ठिपक्यांचा हड्डा भुंगेरा ढालकिड्यांच्याच कुळातला आहे आणि पक्का पानखाऊ आहे. त्याची पाठ चकचकीत नसते, बारीक लवेमुळे मंद दिसते, आणि अळी काटेरी पिवळी असते. कर्वेनगरच्या परसबागेत तो नक्की मिळेल.

प्रश्न: निलगिरीच्या पानावर मोरपंखी हिरवा, काळ्या ठिपक्यांचा ‘भुंगेरा’ मिळाला. त्याच्या पाठीवर मधली रेघच नाही. असा भुंगेरा असतो का? – एक वाचक, हडपसर

नसतो. भुंगेऱ्याची दोन पंखकवचे पाठीच्या मधोमध सरळ रेघेत मिळतात. तुम्हाला मिळाला तो रत्नढेकूण. त्याच्या पाठीचे एकच अखंड कवच थेट शेपटीपर्यंत जाते. उलटा करून बघा, जबड्यांऐवजी पोटाला चिकटलेली लांब सोंड दिसेल. तो पान कुरतडूच शकत नाही, नुसता रस शोषतो.

प्रश्न: वाघोलीजवळच्या शेतात निलगिरीची रोपे लावली. कोवळ्या पानांच्या मधल्या शिरेवर फुगीर गाठी आल्या आहेत. भुंगेऱ्यांची अंडी आहेत का? – एक शेतकरी

नाहीत. अंडी पानाला चिकटवलेली असतात, नखाने खरवडली की निघतात. या गाठी पानाच्याच मांसाच्या आहेत. ब्लेडने एक आडवी कापा. आत पोकळीत पांढरी, पाय नसलेली इवली अळी दिसेल. ती लेप्टोसायबे इन्व्हेझा या गाठमाशीची. ही माशीही ऑस्ट्रेलियातलीच. २००१ च्या सुमारास ती दक्षिण भारतात आली. तिला शास्त्रीय नाव मात्र २००४ मध्ये मिळाले. गाठी आधी हिरव्या, मग गुलाबी आणि शेवटी तपकिरी होतात. तपकिरी गाठीवर टाचणीने पाडल्यासारखी भोके दिसली तर माश्या उडून गेल्या आहेत आणि आता तिथे काही करून उपयोग नाही. वरून मारलेले औषध गाठीच्या आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. गाठी अजून हिरव्या असतील तेव्हाच शेंडे छाटून जाळा. बांधावर टाकलेत तर त्यातूनही माश्या बाहेर पडतील. रोपवाटिकेतून नवी रोपे घेताना एकेका रोपाचा शेंडा उलटून बघा. गाठीचे रोप स्वस्त मिळाले तरी परत करा.

प्रश्न: बेशरमीच्या झाडावर सोन्यासारखा कासव भुंगेरा मिळाला. टाचणी लावून डबीत ठेवला, चार दिवसांत साधा तपकिरी झाला. माझे काय चुकले? – एक विद्यार्थी, शिवाजीनगर

तुझे काही चुकले नाही. तो सोनेरी रंग वरून लावल्यासारखा नसतो. कवचाच्या पातळ थरांतल्या ओलाव्यामुळे उजेड तसा परततो. किडा वाळला की थरांतला ओलावा जातो आणि रंगही जातो. निलगिरीवरच्या ऑस्ट्रेलियन भुंगेऱ्यांचेही असेच होते. त्यांची चमक मेल्यावर विटते, म्हणून संग्रहातला नमुना आणि झाडावरचा किडा हे दोन वेगळे वाटतात. असा किडा मिळाला की जिवंत असतानाच फोटो काढ, आणि रंग शब्दांत लिहून ठेव. ‘छान सोनेरी’ नको. ‘कडा काचेसारख्या पारदर्शक, मधला भाग पितळी, मागे दोन काळे डाग’ असे लिही.

टाचणी लावण्याची पद्धत सुधारता येईल. किडा डबीत घालून २४ ते ४८ तास फ्रीझरमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर पाय सैल असतात तोवरच काम उरक. कडक झाला असेल तर ओल्या टिपकागदासह बंद डबीत एक दिवस ठेवला की पुन्हा नरम होतो. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवलास तर बुरशी धरेल. टाचणी नेहमी उजव्या पंखकवचातून, वरच्या चौथाई भागात घालायची. मधोमध घातली की दोन्ही कवचे फाकतात, आणि ओळखीसाठी लागणारी मधली रेघ आणि तिच्या टोकाचा छोटा त्रिकोण दोन्ही बिघडतात. ८ मिलिमीटरपेक्षा लहान किड्याला टाचणी मारूच नये. जाड कागदाचा लहान त्रिकोण कापून टाचणीवर लाव आणि त्याच्या टोकावर किडा उजव्या कुशीला डिंकाच्या थेंबाने चिकटव. पोट आणि डावे पाय मोकळे राहायला हवेत, कारण पावलाची कांडी त्यांच्यावरच मोजायची असतात. डिंक जास्त झाला की नेमकी तीच बुजतात.

पुण्याच्या पावसाळ्यात नुसत्या डांबरगोळ्यांनी भागत नाही. डबीत सिलिका जेलची पुडी ठेव, आणि तिचा रंग बदलला की ती तापवून परत वापर. डबी भिंतीला लावून ठेवलीस तर मुंग्या संग्रह साफ करतील. अभयारण्यातून किंवा वनखात्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काही गोळा करायचे नाही. जात ठरवायला अडलास तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे, पण तिथे जाण्याआधी चिठ्ठी पुरी कर: ठिकाण, तारीख, कोणत्या झाडाच्या कोणत्या भागावर, दिवसा की रात्री, आणि गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी त्याच टाचणीवर, किड्याच्या खाली, पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहिलेली असू दे. तुझ्या चिठ्ठीत ‘बेशरमीवर’ एवढेच आहे. पानाच्या वर होता की खाली, तेही आठवत असेल तर आजच लिहून टाक.